हळदी-कुंकवावरून वेगळ्या झालेल्या माझ्या मैत्रिणींना खुले पत्र

मैत्रिणींनो,

यंदाच्या ८ मार्चला कोल्हापुरात आपले तीन कार्यक्रम झाले. सकाळी दसरा चौकात शाहू स्मारक भवनात व्याख्यान, दुपारी राजारामपुरीतल्या एका सभागृहात हळदी-कुंकू, संध्याकाळी बिंदू चौकात गाणी आणि घोषणा. मी तिन्हीकडे गेले. तिन्हीकडे ओळखीचे चेहरे भेटले आणि तिन्हीकडे मला कुणी ना कुणी विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

नऊ वर्षं आपण हा दिवस एकत्र करत आलो. इतिवृत्ताची वही पहिल्यापासून माझ्याकडे आहे. जानेवारीतल्या बैठकीचं पान मी परवा पुन्हा वाचलं. शेवटी मीच लिहिलं आहे, 'विषय क्र. २ वर एकमत झाले नाही.' त्या दोन तासांत जे बोललं गेलं ते या ओळीत कुठंच नाही. गेल्या दोन महिन्यांत मी तुमच्यातल्या बहुतेकींशी वेगवेगळं बोलले. प्रत्येकीनं दुसरीविषयी मला तोच प्रश्न विचारला, "ती कसली स्त्रीवादी?" हे पाठीमागचं बोलणं मला आता सोसत नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते खुलं.

विषय क्र. २ होता, विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायकांना मानानं बोलावून हळदी-कुंकू करायचं का. सुचवलं शिरोळकडच्या बचत गटाच्या ताईंनी. त्यामागं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव होतं. मे २०२२च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्याच आठवड्यात, हेरवाडनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. १७ मेला राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ताईंचं म्हणणं सरळ होतं. ठराव कागदावर झाला, तो अंगणात यायचा तर कुणीतरी त्या बाईच्या कपाळाला बोट लावलं पाहिजे.

यावर आपल्यातल्या सर्वांत ज्येष्ठ मैत्रीण उठल्या. त्यांनी ऐंशीच्या दशकात मंगळसूत्राशिवाय लग्न केलं. त्यापायी माहेरचं दार अकरा वर्षं बंद राहिलं, वडिलांचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही. त्या म्हणाल्या, "हळदी-कुंकू म्हणजे नवरा जिवंत असल्याचं कौतुक. जिला त्यातून हाकललं तिला परत आत घ्यायचं कशाला? तो सोहळाच सोडायचा असतो."

मग घरकामगार बायकांची संघटना बांधणारी मैत्रीण बोलली. "तुम्ही ज्या ताटावरनं भांडताय, त्या ताटाला माझ्या आईला कधी हात लावू दिला नाही. मालकिणीच्या हळदी-कुंकवाला ती मागल्या दारी भांडी घासायची. ती सवाष्ण होती तेव्हाबी तिला कुणी बोलावलं नाही आणि विधवा झाली तेव्हाबी नाही. आमचा प्रश्न तुमच्या यादीत आहे का तेवढं सांगा."

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली सर्वांत लहान कार्यकर्ती म्हणाली, "ज्या बाईला लावायचंय ती लावेल, जिला नको ती नाही लावणार. निवड तिची. स्त्रीवाद म्हणजे आणखी काय असतं?"

आणि मग एक वाक्य आलं. कोण बोललं ते मी वहीत लिहिलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. "गळ्यात मंगळसूत्र घालून आम्हाला स्त्रीवाद शिकवू नका." बचत गटाच्या ताईंनी पिशवी उचलली. दारातून त्या एवढंच म्हणाल्या, "मी कवा म्हटलं हो, मी स्त्रीवादी हाय म्हणून?"

मला त्या रात्री झोप आली नाही. या ताईंना मी बारा वर्षं ओळखते. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला त्यांनी घराबाहेर काढलं ते पोलिसांच्या नव्हे, गटातल्या बायकांच्या जोरावर. घरपट्टीवर स्वतःचं नाव लावून घेतलं. गावात कुणाच्या घरी सुनेला त्रास असला तर पहिला निरोप त्यांनाच जातो. मंगळसूत्र मात्र आजही गळ्यात आहे. का, ते मी एकदाच विचारलं होतं. म्हणाल्या, "बाजारला, तालुक्याला एकटी फिरते मॅडम. ह्ये असलं की कुणी आडवं येत न्हाई." मग आपण त्यांना कोणत्या रकान्यात बसवणार? त्या मंगळसूत्रात श्रद्धा आहे, सवय आहे, का संरक्षण? तिन्ही असेल. आपल्याला एका नजरेत ते कळलं असं ज्या आवाजात बोललं गेलं, त्या आवाजाचं मला वाईट वाटलं.

बाईकडे बघून निकाल द्यायची सवय आपल्या शत्रूंची. आपण ज्या चळवळीच्या लेकी म्हणवतो तिची एक मोठी सुरुवात अशाच एका निकालाविरुद्ध झाली होती. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. पोलिसांनी काय केलं यापेक्षा मुलीच्या अंगावर जखमा का नाहीत, ती आधी कशी वागत होती, यावरच जास्त बोट ठेवलं गेलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार. त्या पत्रानं देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. खुल्या पत्रात किती बळ असतं हे मी तिथून शिकले. त्या पत्राचा गाभा हाच होता की तपासायचं असेल तर सत्ता तपासा, मुलीची चालचलणूक कशाला तपासता? कपाळ आणि गळा बघून स्त्रीवाद मोजणाऱ्या आपण त्या पत्रापासून किती लांब आलो, याचा विचार करा.

मतभेद आपल्याला नवे नाहीत, हेही मला सांगायचं आहे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या नावानं शिमगा करत होती, त्याला ते उत्तर होतं. ते पुस्तक सनातन्यांनाच झोंबलं असं नाही, सत्यशोधकांतल्याही काहींना ते रुचलं नाही. जोतीराव तेवढे तिच्या बाजूनं उभे राहिले. म्हणजे आपल्याच घरात, आपल्याच माणसांत 'हे जरा जास्तच झालं' म्हणणारे तेव्हापासून आहेत.

अंबाबाईच्या गाभाऱ्याचं आठवतं ना? एप्रिल २०१६. उच्च न्यायालयानं नुकतंच सांगितलं होतं की जिथं पुरुष जातो तिथं बाईला अडवता येणार नाही, तसा कायदा १९५६ पासूनच आहे. त्या याचिकेत आपल्या विद्या बाळ होत्या. मंदिरप्रवेशासाठी लढणाऱ्या तृप्ती देसाई कोल्हापुरात आल्या, गाभाऱ्यात गेल्या आणि त्यांना इतकी धक्काबुक्की झाली की रुग्णालयात न्यावं लागलं. त्या आठवड्यात आपल्या बैठकीत तीन मतं होती. देवळात जायचा हक्क हवाच. देऊळच नको, मग गाभारा कशाला. आणि तिसरं, ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं करत नव्हते त्यांच्या लेकींना या लढ्यात कुणी विचारलं का. भांडलो आपण, खूप भांडलो. पण मारहाणीच्या निषेधाच्या पत्रकावर सगळ्यांनी सही केली. त्यावेळी कुणाला वेगळा कार्यक्रम करावासा वाटला नाही. तेव्हा आपल्यात असं काय होतं जे आता उरलं नाही, हे मी स्वतःला विचारत राहते.

आता माझ्या लहान मैत्रिणीच्या निवडीविषयी. पोरी, तुझ्याशी मला जास्त बोलायचं आहे, कारण तुझं म्हणणं ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतं आणि मला त्याचीच भीती वाटते.

तू जन्मलीस त्याच्या आसपासची गोष्ट. २००१च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. शाहूंच्या जिल्ह्यात. ऊस, दूध, साखर कारखाने, घरात शिकलेली सून, आणि मुली गायब. पन्हाळा तालुक्याचा आकडा तर याहून खाली होता. त्या काळात मी नोकरी करत होते आणि माझ्या ओळखीतल्या दोघी सोनोग्राफी करून आल्या होत्या. दोघीही शिकलेल्या. दोघींनीही मला डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "हा आमचा निर्णय आहे. मला कुणी जबरदस्ती केली नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. हात धरून त्यांना कुणी नेलं नव्हतं. पण तिसरीही मुलगी झाली असती तर घरात त्यांचं काय झालं असतं, ते त्यांना न सांगताही माहीत होतं. ते माहीत असताना घेतलेल्या निर्णयाला तू निवड म्हणशील का?

'नाही' म्हटल्यावर बाईला काय मोजावं लागतं, हे विचारल्याशिवाय तिच्या 'हो'ला मी निवड म्हणत नाही. माझा स्त्रीवाद काय आहे म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. कुंकू लाव, नको लावू, साडी नेस, जीन्स घाल, नवऱ्याचं आडनाव लाव किंवा आईचं. मला बघायचं आहे की तू उद्या उलट केलंस तर तुझं घर, तुझं रान, तुझं माहेर, तुझा पगार यातलं काय काय जातं. आपल्या ज्येष्ठ मैत्रिणीनं मंगळसूत्र नाकारलं तेव्हा अकरा वर्षांचं माहेर गेलं. म्हणून त्यांचं ते नाकारणं मोठं. पण तेवढी किंमत प्रत्येकीनं मोजावीच असा नियम आपण घालायला लागलो तर आपण पण एक भावकीच झालो.

माझ्या आईचं सांगते.

२००६ साली वडील गेले. आमचं गाव कृष्णाकाठी, हेरवाडपासून फार लांब नाही. दहाव्या दिवशी नदीवर आईला नेलं. बांगड्या फोडायला पुढं झाल्या त्या सगळ्या घरच्याच बायका, आणि त्यातल्या दोघी स्वतः विधवा. एकीनं आईचा हात दगडावर धरला. दुसरीनं कपाळ पुसलं, आणि पुसताना तीच ढसाढसा रडली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. मार्चमध्ये एका व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीवर बोलून आले होते, आणि त्या घाटावर चार पायऱ्या वर तोंडाला पदर लावून उभी राहिले. "थांबा" हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. भाऊ काय म्हणतील, आत्या काय म्हणतील, तेराव्यापर्यंत घरात राहायचं आहे, असलं सगळं डोक्यात होतं.

सोळा वर्षांनी हेरवाडचा ठराव झाला. मी त्याच आठवड्यात गावी गेले. आईला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गेले तर हातात चार काळ्या काचेच्या बांगड्या. कुरुंदवाडच्या बाजारात कासाराकडं जाऊन एकटीच भरून आली होती. कुंकू नाही लावलं. मी आग्रह केला तर म्हणाली, "असू दे ग. एवढं बास." त्याच उन्हाळ्यात चुलतभावाच्या नातीचं लग्न होतं. ओटी भरायची वेळ आली आणि आई आपसूक उठून स्वयंपाकघरात गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नाही.

म्हणून मला शिरोळच्या ताईंचं म्हणणं पटतं. कुणीतरी 'ये' म्हणायला पाहिजे, नावानं हाक मारून. आणि म्हणूनच ज्येष्ठ मैत्रिणीचंही पटतं, कारण जोवर ओटी हाच मान आहे तोवर स्वयंपाकघरात जाणारी कुणीतरी राहणारच. आज आई नाही. तिच्यासाठी यातलं कोणतं मत बरोबर होतं याचं एक उत्तर मला देता येत नाही. पण दुपारच्या हळदी-कुंकवात मी बघितलं, सत्तरीच्या एक आजी कुंकू लावून घेताना थरथरत होत्या आणि लगेच रुमालानं कपाळ पुसायला गेल्या. शेजारच्या बाईनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजी, कोण बघत न्हाई." त्या क्षणाला प्रतिगामी म्हणणारीचं ऐकायची माझी तयारी नाही.

त्या बैठकीत एक बाई दोन तास काहीच बोलल्या नाहीत, त्यांच्याकडं तुमचं लक्ष गेलं का? गडहिंग्लजकडच्या जोगतीण मावशी. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला यल्लमा देवी रांडाव, म्हणजे विधवा, होते, तेव्हा जोगतिणी बांगड्या फोडतात आणि माघी पौर्णिमेला पुन्हा भरतात. देवीच्या नावानं सोडलेल्या या बायकांना नवरा कधीच नव्हता आणि तरी वैधव्य दर वर्षी आहे. शाहू महाराजांनी १९२० साली संस्थानात जोगतिणी-मुरळ्या सोडण्याविरुद्ध कायदा केला. त्यालाही शंभर वर्षं उलटली, आणि मावशींना लहानपणी सोडलं ते त्यानंतरच. बैठक संपल्यावर मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं भांडान बरोबरच आसंल. माझ्या पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव लिवा म्हणून साळंत किती छळलं, त्याचं कुणी बोलंल म्हणून आलो हुतो." १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारी कागदांवर लावायचा नियम झाला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचा मुलगा आज तिशीचा आहे. त्या हसल्या आणि बसमध्ये चढल्या. आपल्या वहीत त्यांच्या नावापुढं फक्त 'उपस्थित' एवढंच आहे. ती चूक माझी आहे.

पुरुष स्त्रीवादी असू शकतो का, यावरही त्या दिवशी अर्धा तास गेला. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. ज्या गावात एका राजानं १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवणं हा गुन्हा ठरवला, आणि देशाच्या दंडसंहितेत ४९८अ यायला पुढं १९८३ उजाडलं, त्या गावात हा प्रश्न खरं तर सुटलेला आहे. मुलगा गेल्यावर बालवयात विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, शाहूंनी कोल्हापूरजवळ सोनतळीवर ठेवून शिकवलं, घरातला विरोध पत्करून. पण ते राजे होते आणि त्यांना हुकूम काढता येत होता. आज तालमीतल्या, मंडळांतल्या ज्या पोरांना आपल्याबरोबर यायचं आहे त्यांनी यावं, सतरंज्या घालाव्यात, आणि घरी गेल्यावर बहिणीच्या हिश्श्याचं काय करणार ते ठरवावं. तृतीयपंथी मैत्रिणींना बोलवायचं का, हाही प्रश्न निघाला होता. बोलवायचंच. मावशींबरोबर बाईच्या वेषातले जोगते यल्लमाच्या सौंदत्तीची वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. आपणच कोण मोठ्या दारावर उभ्या राहून तपासणाऱ्या?

हिश्श्याचा विषय निघाला, तर आता ते सांगते जे सांगायला मला सर्वांत जड जातंय.

वडील गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्याला आई, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी पाच नावं लागली. १९५६च्या कायद्यानं वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा होताच. १९९४ साली आपल्या राज्यानं अविवाहित मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला आणि २००५ साली केंद्रानं तो लग्न झालेल्यांनाही दिला. हे सगळं मला पाठ होतं, मी वर्गात शिकवत होते. २००७च्या वैशाखात भावानं फोन केला, "आक्का, हक्कसोडाचं तेवढं करून घेऊ." आम्ही दोघी बहिणी आपला हिस्सा भावांना सोडायला गेलो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा टेकवला, फोटो निघाला. बाहेर आल्यावर वहिनींनी दोघींना साड्या दिल्या, घरी पुरणपोळीचं जेवण झालं. कुणीही आम्हाला धमकावलं नाही. विचारलंत तर मीही त्या दिवशी म्हटलं असतं, हा माझा निर्णय आहे. सही केली नसती तर पुढच्या दिवाळीला भाऊबीज कुठं असती, हे मला माहीत होतं. ती साडी मी एकदाही नेसले नाही.

आणि आता नियतीनं मला समोरच्या बाजूला उभं केलंय. गेल्या वर्षी सासरे गेले. करवीर तालुक्यात साडेतीन एकर ऊस आहे. नावं लागली ती सासूबाईंची, माझ्या यजमानांची आणि माझ्या दोन नणंदांची. पाडव्याच्या आधी वन्संना बोलावून हक्कसोड करून घ्यायचा, असं घरात ठरलं. मला सांगितलं, साड्या तेवढ्या बघून ठेव.

महाद्वार रोडला दुकानाच्या पायरीपर्यंत मी गेले आणि परत आले. रात्री यजमानांना सांगितलं की साड्या मी घेणार नाही, आणि वन्संनी सही केली तर ती पूर्ण हिशोब समोर मांडल्यावरच, एकरी उत्पन्न किती, आजचा भाव किती, त्यांचा वाटा किती, हे कागदावर लिहून त्यांच्या हातात दिल्यावरच. आमच्या घरात चार दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. बेचाळीसाव्या वर्षी घाटावर जो शब्द निघाला नाही तो साठीनंतर निघाला. तो माझ्या फायद्याच्या विरुद्ध निघाला म्हणून मला तो खरा वाटतो. पाचव्या दिवशी यजमान म्हणाले, "काढ हिशोब." तो कागद मी स्वतःच्या अक्षरात लिहून दोघींना पाठवला.

थोरल्या वन्संचा लगेच फोन आला. "वैनी, कशाला ह्यात पडताय? माझं माहेर तुटंल. मला सही करायचीय, माझ्या मनानं करायचीय." धाकट्या वन्सं म्हणाल्या, "मला जरा दिवस द्या. आमच्या घरी अजून सांगितलेलं न्हाई." थोरल्यांना मी काय सांगू? तुमचं मन तुमचं नाही, असं म्हणायचा मला अधिकार नाही. आणि 'तुमची निवड' म्हणून अंगठा घ्यावा तर २००७ची मीच समोर बसलेली दिसते. पोरी, तुझ्याकडं याचं उत्तर असेल तर मला हवं आहे. आपल्या ज्येष्ठ मैत्रिणीकडं असेल तर त्यांच्याकडूनही हवं आहे. अकरा वर्षं माहेराशिवाय कशी काढली, हे थोरल्या वन्संना त्यांच्याखेरीज कोण सांगणार? घरकामगार मैत्रीण मला म्हणेल की तुमच्याकडं सोडायला साडेतीन एकर तरी आहेत, आमच्या बायकांच्या नावावर झोपडीचं वीजबिलही नाही. बरोबर आहे. ते तिनं माझ्या तोंडावर म्हणावं आणि मग वीजबिलांवर नावं कशी चढवायची ते आपण त्याच बैठकीत ठरवावं.

तुमच्यातल्या कुणी मत बदलावं म्हणून मी हे लिहीत नाही. हळदी-कुंकू नको म्हणणाऱ्यांनी नकोच म्हणावं, हवं म्हणणाऱ्यांनी करावं. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. जानेवारीतल्या त्या एका वाक्याबद्दल शिरोळच्या ताईंकडं जाऊन बोलावं. जी बोलली तिला माहीत आहे, आणि ती एकटीनं जायला कचरत असेल तर मी बरोबर येईन. दुसरं, पुढच्या बैठकीचा विषय क्र. १ मावशींनी मांडावा आणि तो संपेपर्यंत विषय क्र. २ उघडू नये.

बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, माझ्या घरी. गॅलरीत सगळ्या मावू. येताना घरातला सातबारा, घरपट्टी, वीजबिल, जे असेल ते घेऊन या. कुणाच्या नावावर काय आहे ते एकदा वहीत लिहून काढू. गडहिंग्लजची पहिली एसटी किती वाजता पोचते ते मी मावशींना विचारून घेतलं आहे, त्यांना आणायला मी स्टँडवर जाणार आहे. धाकट्या वन्सं येणार आहेत. थोरल्या म्हणाल्या, बघते.

तुमची,
वही सांभाळणारी
राजारामपुरी, कोल्हापूर